काजळीचं मुसकं

डोळे मिटा, मुलांनो, आणि एवढं समजा, की एक काळी घोडी मान खाली घालून तुमच्यासमोर उभी आहे. तिच्या तोंडावर दोरीचं जाळीदार मुसकं आहे, आणि कानांमागची गाठ तुम्हाला सोडायची आहे. भोवती सारंगखेड्याचा घोडेबाजार. आणि तुमचं वय तेरा.

रूपालीची बोटं त्या गाठीशी झटत होती.

"ऱ्हाऊ दे व पोरी," तिची आजी, छबूबाई, मागून गर्दीकडे बघत म्हणाली. "लोके शेतस."

ती घोडी म्हणजे काजळी. तिची आई चावरी होती. तिनं रूपालीच्या आजोबांच्या, उखाआबांच्या, करंगळीचं पेर तोडलं होतं. म्हणून दूध सुटल्यापासून काजळीला मुसकं. चारा खाताना तेवढं निघे, आणि घरी ते रूपालीच काढी. अडीच वर्षांत तिच्या हाताला एक ओरखडा आला नव्हता.

घरात असंच आईवर जाण्याचं भय आणखी एकीबद्दल होतं. रूपालीची आई शिवणकाम शिकायला रोज नंदुरबारला जाऊ लागली, आणि चार वर्षांपूर्वी एका दुपारी परतलीच नाही. तेव्हापासून रूपाली हातपंपावर गेली तरी आजी दारात उभी. आता सातवीनंतर नंदुरबारच्या वसतिगृहात राहून शिकायचं, तर अर्जावर आबांची सही हवी होती.

"खाण तशी माती," आबा म्हणाले होते.

"मंग काजळी बी चावाले पाहिजे ना, आबा? ती त चावस नही!"

आबा हसले होते. "बरं. जत्रामा मुसकाबिगर इकाई गई, त करसू सही."

आज काजळी विकायला उभी होती, आणि तो अर्ज रूपालीच्या कुडत्याच्या खिशात होता.

गाठ सुटली. मुसकं हातात आलं आणि रूपालीचा हात थबकला. दोन दिवस आबा एकटेच काजळीला घेऊन इथं होते, आणि गर्दीच्या भीतीनं त्यांनी दोरी आवळून बांधली होती. जबड्याखाली बोटभर रुंद कातडी सोलवटून लाल झाली होती. ती आबांना सांगणार, तोच गिऱ्हाईक पुढे झालं.

धानोऱ्याचे ईश्वरदादा लेकीसाठी घोडी बघत होते. त्यांनी मानेवर थोपटलं, पाय उचलून खूर पाहिले. काजळी हलली नाही. त्यांनी तळहातावर गुळाचा खडा धरला. काजळीनं तो नुसत्या ओठांनी टिपला.

"गरीब गाय शे ही त!" ते म्हणाले.

आबांनी रूपालीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच आपली नजर आधी खाली घेतली. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशातल्या पेनाकडे गेला.

"दात दखू द्या. वय समजी," ईश्वरदादा म्हणाले, आणि त्यांनी काजळीचा जबडा खालून घट्ट पकडला.

"काका, तठे नका धरू—"

काजळी चावली.

मनगटावर दातांच्या खुणा उमटल्या, थोडं रक्त आलं. गर्दीतून गावचं कुणी हसलं, "दखा, मायनं नाव राखं पोरनी!"

"आबा, तिले लागेल शे! दोरीनी कातडं सोली टाकं. आठे दखा!"

आबांनी पाहिलं. वाकून, नीट पाहिलं. मग सरळ झाले.

"जखम बैलले बी ऱ्हास. तो चावस का?"

ईश्वरदादा मनगटाला रुमाल गुंडाळत पुढच्या दावणीकडे निघून गेले. छबूबाई मात्र घोडीकडे बघतच नव्हती. ती रूपालीकडे बघत होती. तिनं पुढे येऊन नातीचं मनगट धरलं, गर्दीत मूल हरवू नये म्हणून धरतात तसं.

पेन आबांच्या खिशातच राहिलं.

"बांध ते मुसकं," ते म्हणाले. "घट बांध."

रूपालीनं मनगट सोडवून घेतलं आणि मुसकं उचललं. ते समोर येताच काजळीनं सवयीनं आपणहून मान खाली घातली आणि तोंड पुढे केलं.

रूपालीनं खिशातून अर्ज काढला. दोन्ही तळव्यांत चोळून चोळून तो फडक्यासारखा मऊ केला, चार घड्या घालून काजळीच्या जखमेवर ठेवला, आणि वरून दोरी आवळली.