पोटातला गोळा

म्हाताऱ्या सुईणीनं, धुरपतानं, तेलाचा हात रुखमाबाईच्या पोटावर फिरवला, डोळे मिटले आणि देवी अंगात आल्यासारखी मान डोलावली. दोघी ढोरांच्या कोठ्यात भुशा-कुटाराच्या ढिगाआड बसल्या होत्या. दारात रुखमाबाईचा नवरा गुणवंतराव बाहेर तोंड करून पहारा देत होते. कोणी विचारलंच, तर गाय अडली म्हणून म्हातारीला बोलावलं, असं सांगायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

"डोकसं खाली आलं पाह्य," पोटाच्या खालच्या अंगाला बोटं रुतवत धुरपता म्हणाली. "काई भेव नाई."

ती जिथं डोकं म्हणत होती, नेमकं तिथंच पोर लाथा मारत होतं. धुरपताच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता आणि तेलाची वाटी धरलेला हात कापत होता. वाटीतलं तेल रुखमाबाईच्या लुगड्यावर सांडत होतं, ते काही तिला दिसलं नाही.

एके काळी अर्धा गाव धुरपताच्या हातावर जन्मला होता. रुखमाबाईची एकुलती एक लेक दिव्यानीसुद्धा. मग गुणवंतराव सरपंच झाले आणि त्यांना सुधारणेची उबळ आली. त्यांनी धुरपताला ग्रामसभेत उभं केलं, साडी-चोळी आणि नारळ दिला, आणि यापुढे कोणत्याही बाळंतिणीला हात लावणार नाही, अशी माइकवरून शपथ घ्यायला लावली. वेशीवर फलक लागला, 'आमच्या गावातील सर्व बाळंतपणे दवाखान्यातच', आणि खाली हात जोडलेले खुद्द गुणवंतराव. सरपंचपद जाऊन बरीच वर्षं झाली, फलकावरच्या फोटोचा रंग उडाला, पण रावांचा ताठा तसाच होता. 'माजी' हा शब्द ते स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारत नसत. आता त्यांचं लक्ष जिल्हा परिषदेच्या तिकिटावर होतं.

त्याच माणसानं धुरपताला मागच्या दारानं आणलं होतं, आणि म्हातारीच्या आनंदाला पारावार नव्हता. रुखमाबाईची कळकळ वगैरे तिला काही नव्हती. सरपंचाच्या घरचं बाळंतपण केलं, की गावात पुन्हा मिरवता येईल, एवढंच तिला दिसत होतं. बाकी दिसायचं तसंही थांबलंच होतं.

धुरपता गेल्यावर रुखमाबाईनं पदर सारखा केला.

"तिले दिसत नाई," ती म्हणाली.

"हातानं दिसते तिले. दिव्यानी नाई झाली का तिच्याच हातानं?"

"तवा तिले डोळे होते. अन मीबी पोरगी होती तवा."

गुणवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. मिशी परवाच काळी केली होती. ती काळी करताना त्यांना वयाची लाज वाटली नव्हती. लाज वाटत होती ती फक्त बायकोच्या पोटाची.

लाज वाटायला कारणही तसंच होतं. लेक सातव्या महिन्यात, आणि तिच्या मागे महिनाभराच्या अंतरानं पंचेचाळिशीला टेकलेली आई. पाळी थांबली ती वयानं, असं समजून रुखमाबाई निश्चिंत होती. पोटात जीव हलायला लागला, तेव्हा ती लेकीच्या साड्या घ्यायच्या म्हणून एसटीनं चंद्रपूरला गेली आणि एका बाळंतपणाच्या दवाखान्यात लायनीत बसली. तिथल्या डॉक्टरीणबाईची जीभ म्हणजे विळाच. लेकीचं लग्न झालं म्हणता आणि हे काय, तुमच्या नवऱ्याला दुसरा कामधंदा नाही का, असं तिनं दार उघडं ठेवूनच विचारलं. बाहेर बसलेल्या पोरी पदरात तोंड खुपसून हसल्या. मग त्याच डॉक्टरीणबाईनं दंडाला पट्टा बांधला, सुजलेल्या पायांवर अंगठा दाबून पाहिला आणि आवाज खाली आणून सांगितलं, की बीपी वाढलंय, बाळंतपण इथंच करायचं, घरी केलं तर बाई जगेलच असं नाही.

रुखमाबाईनं हे सारं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यातलं जगण्या-मरण्याचं सोडून त्यांनी नेमकं हसणंच ऐकलं. माझी बायको त्या लायनीत बसणार आणि पोरी हसणार, हे त्यांना सोसणार नव्हतं. दिव्यानीच्या सासरची बल्लारपूरची, शहरी माणसं, ती काय म्हणतील? तिकीट देणारे काय म्हणतील? त्यांनी दोन दिवस डोकं चालवलं आणि गावात सांगून टाकलं, की रुखमाच्या पोटात गोळा झाला आहे.

गोळ्याची बातमी धानाच्या बांधांवरून पलीकडच्या गावांपर्यंत गेली. बाया सांत्वनाला येऊ लागल्या. कोणी जंगलातली मुळी आणली, कोणी आपल्या नणंदेच्या गोळ्याची गोष्ट सांगितली, आणि ती नणंद शेवटी गेली हेही सांगितलं. रुखमाबाई सगळ्यांना चहा द्यायची. बायको मरायला टेकली म्हणून सांगताना या माणसाची जीभ अडखळली नाही, पोरगं होणार आहे हे सांगताना मात्र याची वाचा बसते, हे तिला रोज नव्यानं दिसत होतं. आधी तिला राग यायचा. आता नुसती किळस येत होती.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," गुणवंतराव कोठ्यातून निघता निघता म्हणाले.

"अन गोळा रडन, तवा लोकायले काय सांगसान?"

"तवाचं तवा पाहू."

यापलीकडे त्यांचा विचार गेलेलाच नव्हता.

रुखमाबाईचं ठरलं होतं. एका बाजूला डॉक्टरीणबाईची जीभ होती, दुसऱ्या बाजूला धुरपताचा हात. जिभेनं कोणी मरत नाही. पण दवाखान्यात भरती व्हायचं तर सोबत माणूस लागतं, गाडी लागते, आणि दोन्ही ज्याच्या हातात ते गुणवंतराव तिच्या मरणापेक्षा पोरींच्या हसण्याला जास्त भीत होते. तिला जगायचं होतं. पोटातल्याला जगवायचं होतं. या वयात आलं म्हणून ते काही चोरीचं नव्हतं.

दिव्यानीचं डोहाळजेवण गुणवंतरावांनी लग्नासारखं केलं. अंगणात मांडव, फुलांची खुर्ची, पुरुषांसाठी बाहेर वेगळी बैठक, आणि तिकीट ज्यांच्या हातात ते दोन पुढारी पहिल्या रांगेत. रुखमाबाईला त्यांनी बजावून ठेवलं होतं, की तब्येतीचं सांगून स्वयंपाकघरातच राहायचं. मांडवापासून माइकपर्यंत त्यांनी जातीनं पाहिलं होतं. ओटीचं तेवढं पाहिलं नव्हतं, कारण तो बायकांचा प्रकार.

पहिली ओटी आईची. दिव्यानीची सासू गिरजाबाई स्वतः आत आली आणि रुखमाबाईला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. गोळा असला म्हणून काय झालं, लेकीची ओटी तर भरावीच लागते, असं ती चालता चालता समजावत होती. ताटात तांदूळ, खण, नारळ मांडून ठेवलेले होते. नाव घेण्यासाठी माइक दिव्यानीच्या मांडीजवळ सुरूच होता.

रुखमाबाईनं ताट उचललं. दिव्यानीनं पदर पसरला. रुखमाबाई तशीच उभी राहिली, आणि मग तिनं ताट गिरजाबाईच्या हातात दिलं.

"तुमी भरा, बाई. मले चालत नाई."

"काऊन?"

"दोन जिवाच्या बाईनं दोन जिवाच्या बाईची ओटी भरू नाई. पोरीच्या पोटाले बाधते."

माइकनं ते बाहेरच्या बैठकीपर्यंत नेलं. मांडवात बायकांच्या बांगड्यासुद्धा वाजेनाशा झाल्या. मग कोणीतरी मागून विचारलं, मग तो गोळा? आणि बायकांत मागे बसलेल्या धुरपताला राहवलं नाही. इतके दिवस दाबून ठेवलेला मोठेपणा तिच्या तोंडून बाहेर पडला.

"कायचा गोळा वो? मलेच बलावलं होतं सरपंच भाऊनं तपासाले. कोठ्यात."

हसू आधी बायकांत फुटलं आणि मग बाहेर गेलं. दोन्ही पुढारी रुमालानं तोंड पुसू लागले. दिव्यानीचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती आईकडे पाहत नव्हती. गिरजाबाईनं कडुलिंबाचा काढा प्यायल्यासारखं तोंड करून ओटी भरली. कोणी रुखमाबाईला जवळ घेतलं नाही, कोणी 'बरं झालं' म्हटलं नाही. ती स्वयंपाकघरात परत गेली आणि पाटावर बसून पहिल्यांदा पोटभर जेवली.

पाहुणे गेल्यावर गुणवंतराव आत आले. तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असं ते बराच वेळ बोलत राहिले.

"आता लपवाचं काई राह्यलं नाई," रुखमाबाई म्हणाली. "सकाळी गाडी सांगा, चंद्रपूरची."

त्यांनी गाडी सांगितली. दवाखान्यात नेलं नाही तर आता गाव काय म्हणेल, ही नवी भीती त्यांना लागली होती. त्यांची भीती कोणती आहे, याच्याशी रुखमाबाईला काही घेणं नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. इतके दिवस कशाची वाट बघत होतात घरी बसून, म्हणून खडसावलं, आणि आज घरी जायचं नाही, असं सांगून सुई टोचली. मग पोटावर यंत्र फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर येत राहिली आणि मग पोराचे ठोके लागले, घाईघाईचे. डॉक्टरीणबाई त्यावर काहीच वाकडं बोलली नाही.

बाहेर बाकांवर पोटुश्या पोरी बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध गुणवंतराव वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. नर्स कागद घेऊन आली.

"रुखमाबाईंसोबत कोण आहे? आजोबा, तुम्ही का? वडील ना त्यांचे?"

गुणवंतरावांनी वर्तमानपत्राआडून काहीतरी पुटपुटलं.

"मोठ्यानं सांगा. सही पाहिजे."

"नवरा," गुणवंतराव म्हणाले.

पोरी हसल्या. आतल्या पलंगावर रुखमाबाईला ते हसू स्वच्छ ऐकू आलं. आयानं तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, आणि ती वळली.