आईच्या बर्फातली सुई

“पंचवीस वर्षं माझ्या बर्फातला माल सडला नाय, आणि तुझी सुई सडली?”

डोक्यावरची पाटी पण उतरवली नव्हती आईने. बंदरावरच्या लिलावातून आली ती थेट माझ्या अंगावर. मी मागच्या पडवीत एका पायावर उभा, काखेत कुबड्या, हातात ती सुई. मासळीच्या थर्माकोल पेटीचं झाकण खाली पडलेलं.

“सडली नाही बोललो मी. गोठली बोललो.”

“मग वितळंल. चल, शर्ट वर कर. नऊ वाजले.”

“वितळून उपयोग नाही, आये. खोक्यावर लिहिलंय, गोठवायची नाही.”

“नववीतनं पळालेला पोऱ्या मना लिहिलेलं वाचून दाखवतो!” ती हसली. “सरळ बोल ना, निमेश, सुईला घाबरलास.”

इथे माझी सटकली. मी घाबरलो? सोळा दिवस स्वतःच्या पोटात स्वतःच्या हाताने सुई मारतोय मी. आख्ख्या मढ कोळीवाड्यात दाखवा दुसरा कोण आहे.

नीट सांगतो. ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली आणि मी बाबांच्या बोटीवर चढलो. शाळा त्याच्याआधीच सोडली होती, बाकावर बसवत नाही मला, तासभर पण नाही. सप्टेंबरात बोटीवर पाय सरकला आणि सरळ खाली बर्फाच्या खणात आदळलो. उजव्या खुब्याचं हाड सांध्यातच फुटलं. मालाडच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि सहा स्क्रू. डॉक्टर बोलला, सहा आठवडे पाय जमिनीवर टेकायचा नाही. आणि असं पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी धरते. ती सुटून वर छातीत गेली की खेळ खल्लास. म्हणून रोज सकाळी नऊला रक्त पातळ करायची सुई, पोटात. आधी पाच दिवस हॉस्पिटलात, मग तेवीस दिवस घरी.

समीक्षा सिस्टरने शिकवलं मला. बेंबीपासून चार बोटं लांब. आज डाव्या बाजूला मारली तर उद्या उजव्या. चामडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, हळू दाबायचं, आणि बाहेर काढल्यावर चोळायचं नाही. सुई औषध भरूनच येते, तिच्या काचेच्या नळीत एक हवेचा बुडबुडा असतो, तो कंपनीच ठेवते, तो काढायचा नाही.

“पण पिक्चरमध्ये टिचकी मारून काढतात ना?” मी विचारलं.

“तू पिक्चरमध्ये नाहीयेस,” ती बोलली.

घरी आल्यावर आईने चंद्रप्रकाश कंपाउंडरला बोलावलेलं. हा माणूस तंबाखू मळून झाली की तोच हात पँटला पुसतो. त्याने माझा शर्ट वर केला तसा मी त्याचा हात धरला. बोललो, माझं पोट, माझी सुई, तू चहा पी आणि जा. आई चिडली, मोठ्या माणसाशी असं बोलतात का म्हणून. पहिल्या दिवशी सुई हातात धरून किती वेळ बसलो ते मी सांगणार नाही. पण मारली. पोटावर हिरवे-जांभळे डाग पडले, बांगड्याच्या पाठीसारखे. गल्लीतली पोरं बघायला यायची. मी दाखवायचो पण.

आता हा बर्फाचा घोळ कसा झाला ते. पहिलं दहा सुयांचं खोकं हॉस्पिटलनेच दिलेलं, ते कपाटावर होतं. ते संपलं तेव्हा आईने मालाडवरून दुसरं आणलं. दुकानवाल्याने सांगितलं, थंड जागेवर ठेवा. झालं. माझ्या आईला थंड म्हणजे एकच गोष्ट माहिती. फ्रिजवर तिचा विश्वास नाही, लाईट गेली की फ्रिज दगा देतो बोलते. बर्फ दगा देत नाही. त्यात ती वर खडेमीठ मारते, त्याने बर्फ असा कडक थंड होतो की पापलेट दुसऱ्या दिवशी मालाडच्या बाजारात ताजं म्हणून जातं, आणि असतं पण ताजं. तिच्या पाटीवर गिऱ्हाईक नाक लावत नाही, डोळे मिटून घेतं. तर तिने सुयांचं खोकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं आणि पापलेटच्या खाली, एकदम तळाला, जिथे सगळ्यात जास्त गार असतं तिथे घातलं. सगळ्यात चांगली जागा दिली तिने. पापलेटला पण तिथे जागा नव्हती.

मला काही माहितीच नाही. रोज आठ वाजता ती एक सुई काढायची, पदराला पुसायची आणि माझ्या चहाच्या बाजूला ठेवायची. नऊपर्यंत ती वितळलेली. तिला जरासा मासळीचा वास यायचा. पण आमच्या घरात घड्याळाला पण मासळीचा वास येतो, त्याचं काय एवढं!

आज लिलावाला उशीर झाला, नऊ वाजत आले तरी आई नाही. म्हणून मी कुबड्या घेऊन मागे गेलो, सगळं शोधलं आणि शेवटी पेटी उघडली. हात घातला तर बोटं बधिर झाली. पिशवी सापडली. सुई उजेडात धरून तिरकी केली.

बुडबुडा हलला नाही.

रोज बघतो मी तो बुडबुडा. सुई तिरकी केली की तो गवंड्याच्या लेव्हलमधल्यासारखा सरकतो. आज जागेवर चिकटलेला. आत पाणी नव्हतंच, काचेला तडा जावा तशा पांढऱ्या रेघा. मी खोकं फिरवून फिरवून वाचलं. इंग्रजीत सतरा मार्क पडायचे मला, पण डू नॉट फ्रीझ वाचायला कशाला शाळा पाहिजे? फ्रीझरच्या गाड्या रोज बंदरावर लागतात.

मग मी बोटांवर मोजलं. या खोक्यातल्या सहा सुया मी घेतल्यात. सहाच्या सहा गोठून वितळलेल्या. आणि परवापासून माझी उजवी पोटरी दुखतेय.

हे दुसरं मी कोणाला बोललो नव्हतो. बोललो की सगळी आळी गोळा होते.

तर पुढे ऐका. आईने दुकानवाल्याला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे मला ऐकायला यावं म्हणून. तो बोलला, “अरे कुछ नहीं होता आंटी, पिघल जाएगा तो लगा दो.”

“ऐकलंस?” आईने पाटी खाली ठेवली. “तो दुकानात बसतो. तू कुठे बसतोस?”

“त्याला काय जातंय? पोट त्याचं आहे का?”

“बाहेर आवाज जातो, हळू बोल.”

“जाऊ दे! सगळ्यांना कळू दे, बर्फातली सुई मारायला लावते!”

बाहेर ओट्यावर धाकूबाबा जाळं सांधत बसलेले. आमच्या बाजूचेच, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी मान आत घातली. “काय रे पोरा, घे की सुई. माझी म्हातारी साखरेची रोज घेते, हसत हसत.”

“बाबा, तिची बर्फात असते का?”

“नाय. देवाच्या फोटोमागे असते.”

“बघ!” मी आईला बोललो.

“त्यांची सून वेंधळी,” आई बोलली, आणि मीठ संपलंय का ते बघायला लागली. म्हणजे तिच्याकडून विषय संपला. सुई तिने स्वतःच्या मुठीत धरली, गरम करायला. “पोटरी दुखते ना तुझी? मना काय दिसत नाय? काल संध्याकाळपासून पाय जपून उचलतोस. सुई घे, मग तेल लावून चोळून देते.”

बघा, तिला पण दिसलेलं. माझे डोळे कोणाचे आहेत ते तेव्हा कळलं. पण चोळून देते बोलल्यावर मी असा ओरडलो की धाकूबाबांच्या हातातून सुतळी पडली.

“हात नाही लावायचा पायाला! गुठळी असली तर सुटेल!”

“मग काय करू? बसून बघू?”

मी कुबड्या टेकत आत आलो आणि पलंगावर बसलो. भांडून ती ऐकणार नाही हे मला कळलं. वाचलेलं ती मानत नाही, कारण वाचणारा मी. दुकानवाला तिच्या बाजूने. मग मी बोललो, “बाबा, हातभर दोरा द्या जाळ्याचा.”

दोरा मी आधी डाव्या पोटरीला गुंडाळला, गुडघ्याच्या एक वीत खाली, आणि टोकं जिथे जुळली तिथे जास्तीचा दोरा तोडला. मग तोच दोरा उजव्या पोटरीला, तेवढाच एक वीत खाली. टोकं जुळलीच नाहीत. ओढला तरी नाहीत. मध्ये उघडी चामडी, तुकतुकीत, लाल.

“किती बोटं?” मी आईला विचारलं.

आमच्याकडे जाळ्याचं भोक बोटांनी मापतात. किती बोटांचं जाळं त्यावर ठरतं कुठली मासळी अडकणार आणि कुठली सुटणार. त्यात कोणी वाद घालत नाही. आई वाकली. त्या फटीत तिने दोन बोटं घातली, आरामात बसली. तिने दोरा सोडवला, दोन्ही पायांना स्वतः परत गुंडाळला, मी लबाडी करतोय का ते बघायला. परत दोन बोटं बसली.

धाकूबाबांनी जाळं बाजूला ठेवलं. ते उठून आत आले.

आई खाली जमिनीवर बसली. मुठीतली सुई तिने बाजूला ठेवली, आता वितळलेली असणार ती. मग माझ्याकडे न बघता बोलली, “त्या नर्सबाईला फोन लाव.”

मी समीक्षा सिस्टरला लावला, डिस्चार्जच्या कागदावर वॉर्डचा नंबर होता. सगळं सांगितलं. सांगताना माझाच आवाज वाकडा व्हायला लागला, म्हणून पटापट बोललो.

“ती सुई घेऊ नकोस,” ती बोलली. “खोकं सोबत आण. पाय चोळायचा नाही, शेकायचा नाही. आत्ताच्या आत्ता निघ. सोनोग्राफी करावी लागेल. दम लागतोय का? छातीत दुखतंय?”

“दम लागलाय, पण भांडून.”

“निमेश, मस्करी नको.”

“नाही लागत, सिस्टर. खरंच.”

“लागला तर रिक्षा नाही, अँब्युलन्स बोलवायची. कळलं?”

कळलं. फोन ठेवला तेव्हा आई उठून मोरीवर हात धूत होती. दोन-तीनदा धुतले. मग पदराने पुसत माझ्याजवळ आली आणि असल्या बारीक आवाजात बोलली की मला वाटलं दुसरंच कोण बोलतंय.

“डॉक्टरला बर्फाचं नको सांगू.”

“का?”

“काय बोलतील? कोळणीने पोराला मासळीसारखं बर्फात घातलं. सगळा वॉर्ड हसंल.”

“सांगणार मी.”

“बोल की उन्हात राहिली. बोल की काय पण. माझं नाक नको कापू, बाबा.”

“तुझ्या नाकासाठी माझा पाय घालवू? सहा दिवस औषध पोटात गेलं की नुसतं पाणी गेलं, ते त्याला कळलं पाहिजे ना!”

“तोंड बघ कसं चालतं!”

“चालणार. पाय चालत नाही तर तोंड चालणार.”

तिचे डोळे भरले. मला ते आवडत नाही, माझं डोकं अजून फिरतं. मी बोललो, “आये, तुझा बर्फ चांगला आहे म्हणून गोठली. दुसऱ्या कोणाचा फालतू बर्फ असता ना, तर वाचली असती सुई.”

तिने मला मारायला हात उचलला. पायाकडे बघितलं आणि तोच हात डोक्यावर ठेवला. मग हसली, नाक ओढत. “बाप बोटीवर नसता ना, तर तुला सरळ केला असता त्याने.”

आता ती आत साडी बदलतेय, आणि मी हे मोबाईलवर लिहून ठेवतोय, कारण डॉक्टरसमोर भेजा फिरला की माझे शब्द मागेपुढे होतात. सांगणार मी सगळं. चूक कोणाची विचारलं तर ते पण सांगणार. तुम्ही लोक थंड थंड बोलता, किती थंड ते बोलत नाही. कपाटाएवढं थंड की पापलेटच्या खालचं थंड? आमच्या घरी थंड म्हणजे बर्फ, वरून मीठ. तुमच्याकडे काय ते कागदावर लिहा, मराठीत, मोठ्या अक्षरात. आणि माझ्या आईवर कोणी हसलं, तर एका पायावर उभा राहून भांडेन.

पोटरी ठणकतेय. मघापेक्षा जास्त. आईला नाही बोललो, सिस्टरला तिथे जाऊन बोलेन. पाय कापायची वेळ येणार नाही, मी बघून ठेवलंय, गुठळी वेळेवर कळली तर औषधाने जाते. वेळेवर. डिसेंबरात मला बोटीवर जायचंय, ते कोणाला पटो न पटो.

आतून आई ओरडतेय, डॉक्टरसमोर तू गप्प बस, मी बोलते. बघू कोण बोलतो ते. गल्लीत रिक्षा शिरत नाही म्हणून धाकूबाबांनी चार पोरांना प्लास्टिकची खुर्ची घेऊन उभं केलंय, मला उचलून न्यायला, मिरवणुकीत नेतात तसं. खुर्चीत बसणार नाही बोललो होतो. बसतो. ते हाका मारतायत, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. निघायला पाहिजे मला आता.