पंढरीनाथांच्या हातचा गिअर

मी गिअरचा दांडा बोलतोय, भाईंदरच्या जेसल पार्कातल्या एका ऑटोमॅटिक गाडीतला. माझ्या बाजूला प्लस-मायनसची छोटी खाच आहे. वाटलं तर माणसानं हातानं गिअर बदलावेत म्हणून. पहिल्या मालकानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दोन हजार सहा साली ममतानं ही जुनी गाडी घेतली, वडिलांसाठी. पंढरीनाथ मूळचे रत्नागिरीचे. तीस वर्षं त्यांनी भाईंदरच्या कारखान्यांतून स्टीलच्या भांड्यांचा टेंपो चालवला. मग शुगरनं डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि माणूस घरात बसला.

"पप्पा, हिला क्लच नाहीये. डावा पाय लागतच नाही," ममता म्हणाली.

"मग हाताला काम काय?"

तिनं मला खाचेत सरकवलं. पंढरीनाथांनी मला पुढे ढकललं, मागे ओढलं, आणि पुन्हा पुढे ढकललं. मागच्या सीटवर त्यांच्या बायकोनं, हंसाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला.

दोन वर्षं खूप फिरलो. घोडबंदरच्या उताराला ते गाडी ब्रेकवर सोडत नसत, मला मायनसला ओढून खालच्या गिअरवर उतरवत.

मग शुगर डोळ्यांत उतरली. एका सकाळी बाजारात भाजीवाली सरूबाई त्यांना दिसलीच नाही. गाडी तिच्या टोपलीला धडकून थांबली. टोमॅटो रस्ताभर झाले.

"काका, दिसत न्हाय का तुमाला?"

"नाही," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी चावी ममताच्या हातात दिली. महिनाभर ते खाली उतरलेच नाहीत. शेवटी एका रविवारी ममतानं त्यांना हाताला धरून आणलं, डावीकडच्या सीटवर बसवलं.

"पाय माझे, गिअर तुमचे."

इंजिनाच्या आवाजावरून ते गिअर बदलू लागले. "दम लागला बघ तिला," म्हणायचे आणि मला मायनसला ओढायचे. डोळ्यांपुढे अंधार होता, पण गिअर एकदाही चुकला नाही. ममता हसायची. तेही हसायचे.

गेल्या दिवाळीआधी ते गेले.

आता त्या सीटवर हंसाबाई बसतात. मला धक्का लागू नये म्हणून हात मांडीवर घट्ट धरून. चढावर गाडी गुरगुरली, की ममता क्षणभर थांबते, कुणी काही करेल अशी वाट बघितल्यासारखी. मग नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबते. गाडी आपली आपण चढते.

ममता, तूच टाक ना एकदा गिअर. चुकला तर चुकला.