खिडकीखालचा डोंगरतुरा

लग्न करून ती त्या घरात आली, तेव्हा घर इतकं नीटनेटकं होतं की तिला धास्तीच वाटली. नवरा काचा कापायचा. बाजाराच्या टोकाला त्याचं दुकान होतं. पहिली बायको जाऊन दोनेक वर्षं झालेली, मागे एक मुलगी. अशा घरात पहिलीचं काही ना काही मागे राहिलेलं असणार, अशी मनाची तयारी करूनच ती आली होती. एखादा फोटो, निदान कंगव्यात अडकलेला केस. पण कपाट रिकामं होतं. भिंतींवरचे खिळे उपसून भोकं लांबीने बुजवली होती आणि वर रंगाचा हातही दिला होता. ती स्वतः पडदे शिवायची. जुनी शिवण उसवली तरी कापडावर सुईची भोकं राहतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. इथे भोकंसुद्धा ठेवली नव्हती.

राहिलं होतं ते मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. कमरेएवढी झुडपं, राखाडी पानं आणि टोकाला निळे, दाट तुरे. पान चुरगळलं की धुतलेल्या पाटीसारखा वास यायचा.

"हे कोणी लावलं?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"असू दे ते," नवरा म्हणाला आणि बोटाला चिकटपट्टी गुंडाळत दुकानाकडे निघून गेला. तो माणूस वाईट नव्हता. फक्त शब्द असे जपून वापरायचा, जणू तेही कापताना तडकतील.

बाकीचं कुंपणापलीकडच्या नर्सबाईंनी सांगितलं. त्या निवृत्त झाल्या होत्या, बोलायला सवड होती. "डोंगरतुरा म्हणतात त्याला. जुन्या दगडखाणीच्या कड्यावर आपोआप उगवतो. ना खत लागत, ना पाणी. थंडीत पार मरून जातो आणि ऊन तापलं की त्याच मुळातून परत वर. तुझ्या सवतीने तिथून आणून लावला. शेवटचीही त्यासाठीच गेली बिचारी. पायाखालचा दगड सुटला."

"एकटीच होती?"

"एकटीच की. मुलगी घरी होती. तुझा नवरा संध्याकाळी आला, तर पोर टेबलाखाली बसलेली. ताप भरलेला."

त्या मुलीला सगळे मुंगी म्हणायचे, कारण चालताना ती भिंतीची कड सोडायची नाही. वय आठ-नऊ. नव्या बाईला ती 'मावशी' म्हणे, सांगितलेलं ऐके, ताट स्वच्छ करे. पण लाड करून घेत नसे. वेणी घालताना खांद्याला हात लागला की अंग चोरायची.

भांडी घासताना खिडकीतून ते तुरे दिसत. एक दिवस तिच्या लक्षात आलं, की सगळे तुरे घराकडेच झुकलेत. ऊन पलीकडून यायचं, तरी तोंडं इकडे. खिडकीच्या काचेवरून उजेड परावर्तित होत असेल, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तिने खिडकीला जाड पडदा शिवून लावला. मग पडद्यामागे काय चाललं असेल, याचा घोर लागला. मेलेल्या सवतीशी भांडायचं तरी कसं? जिवंत असती तर दोन शब्द सुनावता आले असते.

थंडी पडली, झुडपं वाळून काड्या झाल्या. एका दुपारी घरात कोणी नाही असं पाहून तिने कुदळ घेतली. मुळं बोटभर जाड, काळी, आणि खोल गेलेली. ओढली की मध्येच तुटायची. ती खणत राहिली, तोडत राहिली. टोपलीभर मुळं कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि जमीन पायाने दाबून सपाट केली. वर पाहिलं तर मुंगी मागच्या दारात उभी. शाळा लवकर सुटली होती.

"आता इथे काहीतरी छान लावू हं आपण," ती म्हणाली.

मुंगी भिंतीच्या कडेकडेने आत निघून गेली. संध्याकाळी नवऱ्याने पडदा सारून खिडकीतून पाहिलं, हात धुतले, जेवला. त्या दिवसापासून त्याने मागचं दार वापरणं सोडलं.

ऊन तापू लागलं आणि जमिनीत तुटून राहिलेल्या मुळाच्या तुकड्यातुकड्याला कोंब फुटला. जिथे एक झुडूप होतं तिथे दहा झाली. पायरीच्या फटीत, धुण्याच्या दगडाखाली, भिंतीच्या अगदी कडेला. ती रोज सकाळी खुरपं घेऊन बसायची आणि रोज नवे निघायचे. नर्सबाई हसल्या, "अगं, तू तर त्याची शेतीच केलीस! तोडशील तितकं वाढणार ते." तिने हसून दाखवलं आणि पुन्हा खुरपं उचललं. पडदे शिवतानाही नखांतली माती जाईना. एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर तिची बोटं उमटली.

मग एका सकाळी अंथरूण झटकताना तिला तो वास आला. धुतलेल्या पाटीचा. खिडकी तर बंद होती. वासामागे जात तिने पलंग सरकवला. भिंत आणि फरशी जिथे मिळतात, तिथल्या सांध्यातून एक कोंब वर आला होता. उजेड न मिळाल्याने पांढराफटक, बोटासारखा लांब, आणि टोकाला मिटलेली, रंग नसलेली कळी. ती झोपायची त्याच बाजूला, उशीच्या खाली.

तिची किंकाळी ऐकून नवरा धावत आला. त्याने पलंगामागे पाहिलं आणि खाली बसला. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. कोंबाला हात न लावता, वाकून, तो अगदी हळू म्हणाला,

"आलीस?"

वर्षभरात तो तिच्याशी त्या आवाजात एकदाही बोलला नव्हता. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. मग त्या भीतीखालून दुसरंच काहीतरी वर आलं. या घरात आपणच कोणी नाही आहोत, असं तिला वाटलं. ती उठली आणि पिशवीत कपडे भरू लागली. भावाकडे जायचं, बास. नवरा तसाच बसून होता.

बाहेरच्या दारात मुंगी उभी होती. पायात बूट, हातात स्वतःची छोटी पिशवी.

"मावशी, मी पण येते. मला इथे ठेवू नकोस."

"अगं, मी... बाबा आहेत ना इथे."

"ती माझ्यासाठी आलीये," मुंगी म्हणाली. "बाहेर तू तिला जागा ठेवली नाहीस, म्हणून आत आली. मला शोधतीये."

"तुला कशाला शोधेल, सोन्या?"

मुंगीने भिंतीला पाठ टेकवली. "मी होते तिथे. कड्यावर. आई म्हणाली, पुरे झाली, चल. मी म्हटलं, ते मोठं हवंय, ते टोकाचं. ती म्हणाली, हट्ट नको करू. मी रडले. मग ती गेली." तिने पिशवी पोटाशी धरली. "मी हाक मारली तर ओ दिली नाही. मग मी घरी आले."

आतल्या खोलीच्या दारात नवरा येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. इतकी वर्षं त्याने मुलीला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. तिला आईची आठवण येऊ नये म्हणून घरातले खिळेसुद्धा उपसले होते. तो चौकटीला धरून खाली बसला आणि मोठ्याने रडू लागला. मुंगीने बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, तो रागावलाय.

"मी हट्ट नाही करणार परत," ती घाईघाईने म्हणाली. "काहीच मागणार नाही."

पडदेवालीच्या हातातली पिशवी केव्हा खाली पडली, तिलाच कळलं नाही. तिने मुलीला उचललं. मुलगी चांगलीच जड होती. तिने अंग चोरलं नाही. "मागायचं," ती तिच्या कानात म्हणत राहिली, "रडून मागायचं. मुलं मागतातच. पडली ती दगड सुटला म्हणून. ऐकतेस ना? दगड सुटला."

त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

काही आठवड्यांनी, डोंगरतुरा फुलल्यावर, तिघं खाणीवर गेली. जायचं तिनेच ठरवलं. अर्ध्या वाटेवर नवरा थांबला. तो एका दगडावर बसला आणि मुंगी त्याला चिकटून बसली. "तुम्ही थांबा इथेच," म्हणून ती एकटीच पुढे गेली.

कड्यावर सगळं निळं होतं. माती नाही, पाणी नाही, नुसत्या फटी, आणि फटीफटीतून तुरे. खाली खाणीत साचलेलं काळं पाणी. वारा पडलेला. ती टोकापासून जपून लांब उभी राहिली. तेवढ्यात तिच्यापुढचे तुरे दोन्ही बाजूंना झाले, कोणी मधून चालत यावं तसे, आणि मधली वाट तिच्या पायांपाशी येऊन थांबली. पळावंसं वाटलं, पण पळाली नाही.

"ताई," ती म्हणाली. "ताई, मुलगी खाली बसलीये. बरी आहे. जेवते नीट."

तुरे हलले नाहीत. मग ती म्हणाली, "येते हं मी." आणि तिकडे पाठ न करता, मागच्या मागे पाऊल टाकत उतरली.

"कुणाशी बोलत होतीस?" मुंगीने विचारलं.

"तुझ्या आईशी."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही बोलली."

मुंगीने मान वर करून कड्याकडे पाहिलं. नवरा उठला, पँट झटकली आणि पहिल्यांदाच आपणहून त्या दोघींच्या मधोमध चालू लागला.