तीसपैकी तीस

आमचा जयेश अमेरिकेत कॉम्प्युटरवर काम करतो, त्यामुळे बापाचं डोकंही त्याला कॉम्प्युटरवरच तपासायचं होतं. मी फोनवर रडून सांगितलं होतं, की मिल बंद होऊन वर्ष उलटलं तरी हे रोज सकाळी डबा घेऊन मिलच्या फाटकाशी उभे राहतात, आणि गेल्या महिन्यात भलत्याच बसमध्ये बसून पार दूरच्या गौतमपुऱ्याला पोचले. त्यावर चिरंजीव म्हणाले, आई, तू वाढवून सांगतेस. इंटरनेटवर म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीची टेस्ट आहे, ती दर महिन्याला द्यायची, मार्क तिथेच साठतात, मला इथून दिसतील. मार्क कमी आले तर रजा काढून येतो.

म्हणजे आईच्या डोळ्यांपेक्षा खोक्यावर भरवसा. जग खुलं झालं म्हणतात ते हेच. मिलला टाळं लागलं आणि गल्लीत सायबर कॅफे उघडला.

तर आम्ही नंदूच्या कॅफेत निघालो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली. वाटेत अन्नपूर्णेच्या देवळासमोर मी हात जोडले आणि म्हटलं, माते, आज ह्यांना नापास कर. बायकोने नवऱ्यासाठी असं मागावं याची लाज वाटली, पण मागितलं. जयेश यायला हवा होता. एकटीने ह्यांना सांभाळणं आता मला झेपत नव्हतं.

नंदू एकेक प्रश्न वाचून सांगू लागला. आज तारीख काय, वार काय. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं कशी दाखवाल. हे आकडे उलटे म्हणा. मी कपाळावर हात मारून घेतला. हे अडतीस वर्षं मिलचे टाइमकीपर होते. फाटकावरच्या खिडकीत बसायचं, रजिस्टरवर तारीख घालायची, घड्याळ बघायचं आणि कामगाराने टोकन नंबर सांगितला की हजेरी मांडायची. भोंगा वाजला की एका दमात शंभर नंबर. अशा माणसाला आकडे विचारायचे म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवायचं. सकाळी तुम्ही कुठे जाता, शेजारी बसलेली ही बाई कोण, हे त्या शहाण्यांनी कुठेच विचारलं नव्हतं.

पडद्यावर एक हिरवं हसरं तोंड आलं.

"काकू, काकाजींचं दिमाग तर एकदम टनाटन आहे," नंदू म्हणाला. "तीसपैकी तीस आले. और क्या चाहिए?"

मला काय हवं होतं ते त्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

दुसऱ्या दिवशी नंदूने जयेशची मेल छापून हातात दिली. बाबा एकदम फिट आहेत, आता यायची घाई नाही. टेन्शन तूच घेतेस आई, एकदा तूही टेस्ट देऊन बघ. पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, त्याचं हे फळ. कागद चुरगाळून मी भाजीच्या पिशवीत टाकला आणि मंडईतून फिरून घरी आले.

हे दारातच खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर जुनी वही, हातात पेन. मी आत जायला लागले तर पाय आडवा केला.

"टोकन नंबर?"

"अहो, मी आहे," मी म्हटलं. "प्रमोदिनी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही, टाइमकीपर नव्या कामगाराकडे पाहतो तसं.

"नाव नको, बाई. नंबर सांगा. पंधरा मिनिटं लेट आहात."

तोंडाला आला तो नंबर मी सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला आणि पाय बाजूला केला. आत जाताना मी वहीत डोकावले. मोत्यासारख्या अक्षरात तारीख होती, वार होता, वेळ होती, आणि तिन्ही अगदी बरोबर होती.