हिरव्या शाईचा शेरा

विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीची विषयपत्रिका हातात पडली आणि मी ती दोनदा वाचली. विषय चौथा: परिचारिका विभागाच्या नव्या प्रमुखांची ओळख. त्याखाली नाव होतं आमच्या इस्पितळात पूर्वी तिसऱ्या मजल्यावर असलेल्या सिस्टरचं.

"चेहरा का उतरलाय?" बायकोनं विचारलं.

"ऊन लागलं असेल."

"घरात बसून?"

विद्यापीठानं मला विश्वस्त नेमलं तेव्हाही ती अशीच टोचून बोलली होती. "तुमच्यावर विश्वास ठेवायला निघालेत? धन्य आहेत लोक!" तिची थट्टा होती. मला काही हसू आलं नव्हतं.

इस्पितळात मी कारकुनापासून चढत मुख्य कार्यकारी अधिकारी झालो तो टेबलावर कागद तुंबू न देण्याच्या जोरावर. वॉर्डातल्या तक्रारी पिवळ्या कागदावर यायच्या. मी हिरव्या शाईनं 'पाहिले' असा शेरा मारला की मगच कारकून त्यावर आवक क्रमांक टाकायचा. दिवसाला शंभर कागद यायचे, वाचत कोण बसतो? टेबल रिकामं दिसलं की संचालक खूश, मीही खूश.

सोळा वर्षांपूर्वी एका गुरुवारी सिस्टरनं लिहिलं होतं, स्ट्रेचरची लिफ्ट मध्येच अडकते, ताबडतोब बंद करा. मी नेहमीसारखं 'पाहिले' लिहून तो कागद ढिगात टाकला. सोमवारी शस्त्रक्रियेला निघालेली एक बाई त्या लिफ्टमध्ये पाऊण तास अडकली आणि तिथेच गेली. कारकून चार दिवस रजेवर होता, ढीग तसाच, आवक क्रमांकाविना पडलेला. मी कागद उपसून खिशात घातला. चौकशीत सरळ कानावर हात ठेवले: असा कागद आलाच नाही. सिस्टर रडून रडून सांगत होती, मी लिहिलं होतं. तिच्याजवळ नक्कल नव्हती. तिची नोकरी गेली, मला बढती मिळाली.

तो कागद मी फाडला नाही. का, ते आजही सांगता येत नाही. बैठकीच्या दिवशी तो कोटाच्या आतल्या खिशात घातला, घरी कुणाच्या हाती लागायला नको म्हणून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

सिस्टर आली. केस पांढरे झाले होते. माझ्याकडे बघून हसली. आता ही सगळ्यांसमोर माझं नाव घेणार, झालं.

"विद्यार्थिनींना मी पहिल्या तासाला माझी चूक सांगते," ती म्हणाली. "लिफ्ट बिघडलीय हे मला माहीत होतं. तक्रार लिहिली असंच मला वाटत होतं. पण तीन दिवस सलग ड्यूटी झाली होती, मनातल्या मनातच लिहिली असणार. एक बाई जिवानिशी गेली. म्हणून आमच्याकडे प्रत्येक तक्रारीची नक्कल ठेवायचा नियम आहे."

मग ती माझ्याकडे वळली. "सर तेव्हा तिथेच होते. सर, विचारायचा कधी धीर झाला नाही. तो कागद तुमच्याकडे आला नव्हता ना? अजूनही कधीकधी वाटतं, मी लिहिला होता."

टेबलाभोवतीची चौदा माणसं माझ्याकडे बघत होती. श्वास घेतला की कागदाची घडी छातीला टोचत होती. मला भयंकर भीती वाटली.

"नव्हता," मी म्हणालो.

"बरं झालं, सर. आता नाही पुन्हा विचारणार."

दुपारी घरी आलो. बायकोनं कोट टांगायला घेतला.

"खिशात काय आहे हो?"

मी पुढे होईपर्यंत तिनं घडी उलगडली होती. तिनं कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग तारीख पाहिली, आणि हिरवा शेरा.

"तुम्ही तर म्हणाला होतात, कागदच आला नाही."

मी कागद घ्यायला हात पुढे केला. तिनं तो दिला नाही.

"ती सिस्टर कुठे असते आता?"

"आज भेटली. विद्यापीठात." मी बूट काढायला वाकलो. "तिला वाटतं, तिनं लिहिलंच नव्हतं."

बायकोनं कागद घडी करून खिशात परत ठेवला आणि कोट माझ्यापुढे धरला.

"घाला," ती म्हणाली. "विद्यापीठ अजून उघडं असेल."

माझा हात काही केल्या बाहीत जाईना.