बेटावरची डबल बेल

दादाराव ऑस्ट्रेलियातल्या नरूमा गावाच्या धक्क्यावर गाडीतून उतरले आणि रूपालीने कपाळावर हात मारला. पांढरा सदरा, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट. मागून गंगुबाई उतरल्या, त्याही पांढऱ्या साडीत. काळ्या-करड्या जॅकेटांच्या गर्दीत तिचे आईबाबा समुद्रातूनसुद्धा ओळखू आले असते, आणि आज संध्याकाळी नेमकं तेच नको होतं.

"मी सांगितलं होतं हं," तिच्या मोठ्या भावाने, सुजितने, जय भीम म्हणायच्या आधीच हात वर केले. "डार्क कपडे घाला म्हणून. दोनदा सांगितलं."

"तू हिचा मेसेज वाचून दाखवलास," दादाराव म्हणाले. "त्यात 'प्लीज' होतं. प्लीज लिहिलं की ती सूचना झाली. नियमात प्लीज नसतं. आणि आज चौदा ऑक्टोबर. आजच्या दिवशी मी काळं घालून फिरू?"

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाबांच्या अंगावर पांढऱ्याशिवाय दुसरा रंग तिने जन्मात पाहिला नव्हता. सकाळी कॅनबेरातल्या गुंगालिनच्या हॉलमध्ये वंदना झाली, सगळ्यांबरोबर जेवण झालं आणि तिथून ते तसेच, पँटची इस्त्री सांभाळत, गाडीत बसून लेकीचं, बेटावर पाहुण्यांना पेंग्विन दाखवायचं, काम बघायला आले होते.

"आणि पेंग्विन स्वतःच अर्धा पांढरा असतो," दादारावांनी वर ऐकवलं. "त्याला माझ्या कपड्यांचं काय एवढं?"

बोट सुटायला दहा मिनिटं होती. दुकानं बंद झाली होती. सुजितची पँट बाबांना घालावी म्हटलं, तर हा पठ्ठ्या ऑस्ट्रेलियात आल्यापासून थंडीतही शॉर्ट्समध्ये. त्याला टूरचं तिकीटही मिळालं नव्हतं, तो तिथेच फिश अँड चिप्स खात बसणार होता. बेटावर कंपनीचे काळे कोट असतात, त्यातला एकेक दोघांना चढवू, असं म्हणत रूपालीने आईबाबांना बोटीत बसवलं.

एरवी तिने एवढा घोर लावून घेतला नसता. पण आजची टूर ही तिची परीक्षा होती. कॅनबेराच्या युनिव्हर्सिटीत तिने पर्यावरणाचं मास्टर्स केलं, आणि मग एका सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर कितीतरी वर्षं एक्सेलचे रकाने भरले. एका लाँग वीकेंडला ती या बेटावर तण उपटायला व्हॉलंटिअर म्हणून आली. पहिल्याच संध्याकाळी एक पेंग्विन तिच्या बुटावर पाय देऊन, तिला हिंग लावून न विचारता, आपल्या बिळाकडे निघून गेला. त्यानंतर रूपालीचं ऑफिसात मन लागलं नाही. कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर तिने गाईड व्हायचं ठरवलं, तेव्हा दादाराव फोनवर एवढंच म्हणाले, "मास्टर्स करून पाखरं राखणार?" आणि गप्प बसले. ओरडले असते तर परवडलं असतं.

आज तिने एकटीने टूर चालवायची आणि हेड गाईड ब्रॉनने तोंड मिटून मागे उभं राहायचं, असं ठरलं होतं. ब्रॉनला पटलं, तर पूर्ण सीझनची नोकरी. नाही पटलं, तर सोमवारपासून जुनं ऑफिस आणि जुनी खुर्ची. जुन्या बॉसचा ईमेल येऊन पडलाही होता. आईबाबा शनिवारी परत परभणीला जाणार होते. बाबांनी निदान एकदा तरी "बरं करतेस" म्हणून जावं, ही इच्छा तिने कोणाला सांगितली नव्हती.

बोट बेटाजवळ पोचली तसे खडकांवर सील दिसायला लागले. शेकड्याने लोळत होते. वासाने पाहुण्यांनी नाकं दाबली.

"दुपारच्या ब्रेकला आमच्या डेपोतले ड्रायव्हर असेच पडायचे," दादाराव म्हणाले. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. जगातली कुठलीही गोष्ट ते डेपोला आणून भिडवत.

रूपालीने हे इंग्रजीत सांगितलं आणि सगळी बोट हसली. तिची भीड थोडी चेपली. बेटावर उतरल्यावर तिने सगळ्यांचे बूट ब्रशने झाडून घेतले, मोज्यांना चिकटलेल्या गवताच्या बिया काढायला लावल्या. गंगुबाईंच्या पर्समधून बडीशेपेची डबी निघाली. इथे बडीशेप रुजली तर तिचंही तण होईल, म्हणून तीही जप्त झाली. गंगुबाईंनी "जेवणानंतर काय खायचं मग?" विचारलं, पण डबी दिली. दीपगृहापर्यंतची चढण झाली, गोष्टी सांगून झाल्या. ब्रॉनच्या चेहऱ्यावरून मात्र काहीही कळत नव्हतं. ती बाई पत्ते खेळायला बसली तर कुणाला हार जाणार नाही.

सूर्य कलला. आता खाली, किनाऱ्यालगतच्या लाकडी ओट्यावर जायचं. अंधार पडता पडता पेंग्विन समुद्रातून घोळक्याने येतात आणि पिल्लांना भरवायला बिळांकडे जातात. वर कुठे मोठं, फिकट, हलणारं काही दिसलं, तर घोळका बिचकून पाण्यात परत फिरतो. मागच्याच महिन्यात एका पाहुण्याच्या फिकट रेनकोटपायी असं झालं होतं आणि पिल्लं सकाळपर्यंत बिळांत उपाशी ओरडत राहिली होती.

फाटकाशी रूपालीने कोटांची पेटी उघडली. तळाला दोनच उरले होते. पहिला गंगुबाईंनी घातला. त्या बुटक्या, त्यामुळे कोट थेट घोट्यापर्यंत आला आणि साडी पार गडप झाली. दुसरा दादारावांनी घातला. ते सहा फूट. कोट गुडघ्यांपाशीच संपला आणि खाली दोन्ही तंगड्या ट्यूबलाइटसारख्या लखलखत राहिल्या.

एका बाईने आपला बीच टॉवेल गुंडाळायला देऊ केला. तो पिवळाजर्द निघाला.

"नो वरीज, मेट," एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "मागे उभं राहू दे त्यांना. पोरीचे बाबा आहेत ना?"

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. रूपालीने ब्रॉनकडे पाहिलं.

"तुझा ग्रुप," ब्रॉन म्हणाली. "तू ठरव."

इथे एक जुनी हकीकत सांगायलाच हवी, कारण त्या क्षणी रूपालीला ती आठवली आणि गंगुबाईंच्या तर ती कायमच जिभेवर असे. रूपाली लहान असताना गंगुबाईंचा धाकटा भाऊ, कुमार, बहिणीकडे यायला निघाला. बसमध्ये कंडक्टर सख्खे दाजी. त्याने ऐटीत खिडकी पकडली आणि तिकीट मागितल्यावर हसून "काय दाजी!" म्हणाला. दादारावांनी पुन्हा मागितलं. तो पुन्हा हसला. तेव्हा त्यांनी एक बेल मारून गाडी थांबवली, मेव्हण्याला भर मे महिन्यात, भर दुपारी बोरगाव फाट्यावर उतरवलं आणि डबल बेल मारून गाडी सोडली. त्यानंतर कुमारमामा लग्नकार्याशिवाय या घरी आला नाही. दादारावांनीही स्वतःहून त्याला कधी फोन केला नाही. नियम तो नियम, यापुढे त्यांचं म्हणणं कधी सरकलं नव्हतं.

आता तेच दादाराव पांढऱ्या पँटीत लेकीसमोर उभे होते.

बाबा परत कधी येणार या देशात? गुडघे असे, विमानाचा प्रवास तसा. आजच्यासारखी संध्याकाळ त्यांना पुन्हा मिळायची नाही, हे रूपालीला पक्कं ठाऊक होतं. मागे उभं केलं तर कदाचित काही होणारही नाही. कदाचित.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला खाली येता येणार नाही."

"ही सूचना आहे की नियम?"

"नियम आहे."

"मेसेजमध्ये प्लीज होतं."

"ते माझं चुकलं. प्लीज लिहायला नको होतं."

दादारावांनी तिच्याकडे पाहिलं. चष्म्यामागचे डोळे काय म्हणत होते, ते तिला काही वाचता आलं नाही. मग त्यांनी कोट काढला, नीट घडी घालून पेटीत ठेवला आणि वरच्या घराकडे, दीपगृहाच्या रखवालदारांच्या जुन्या व्हरांड्याकडे, चालू लागले. ताठ, सावकाश.

"अहो, बसा निवांत!" गंगुबाई मागून म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "मी बघून येते आणि सगळं सांगते. माझा भाऊ तर उन्हात उभा होता, तुम्हाला निदान बाकडं आहे!"

रूपालीला हसू आलं नाही. तरीही ती ग्रुप घेऊन खाली गेली, सगळ्यांना ओट्यावर बसवलं, तांबडा टॉर्च लावला आणि गप्प राहायची खूण केली.

थोड्या वेळाने पाण्यावर एक काळा डाग हलला. लाट फुटली आणि फेसातून इवलेइवले, फूटभर उंचीचे पेंग्विन उभे राहिले. जरा थबकले. एकाने पाऊल टाकलं, तो घाबरून परत पळाला, त्याच्यामागे सगळे पळाले. रूपालीने टॉर्च खाली केला. पुढच्या लाटेबरोबर ते पुन्हा आले आणि या वेळी थांबले नाहीत. ओट्याच्या अगदी खालून, पुढे वाकून, पोटं सांभाळत, फताफत पावलं टाकत रांगेने निघाले. गवतातून पिल्लांचा एकच गलका उठला.

"अगं बाई," गंगुबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या, "आठवडी बाजार करून निघाल्यात जशा! पोरं घरी भुकेली, आणि दोन्ही हातांत पिशव्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्या बाबांनी बघायला हवं होतं गं."

"हो," रूपाली म्हणाली.

परत वर आल्यावर दादाराव व्हरांड्यात हात काखेत घालून बसलेले दिसले. वाऱ्याने गारठले होते. गंगुबाईंनी कोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि न थांबता सगळं सांगायला सुरुवात केली. ते ऐकत होते. रूपालीशी मात्र बोलले नाहीत. वाटेत नाही, बोटीत चढतानाही नाही. झालं, ती मनात म्हणाली. पाखरं राखणारी पोरगी, आणि वर बापालाच हाकललं.

बोटीत सगळे बसल्यावर तिने माणसं मोजली. एकदा मोजून समाधान होईना, म्हणून पुन्हा मोजली. दादाराव तिच्या बोटाकडे टक लावून बघत होते. मोजणी जुळली. ती कॅप्टनकडे वळून "चला" म्हणणार, इतक्यात मागून आवाज आला.

टिंग टिंग.

दादारावांनी आपली स्टीलची पाण्याची बाटली कठड्याच्या लोखंडी पाइपवर दोनदा वाजवली होती. कॅप्टनला काय कळलं कोण जाणे, त्याने इंजिन सुरू केलं. गंगुबाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. आणि रूपालीला, इतका वेळ घट्ट धरून ठेवलेलं रडू आलं ते आलंच. चार प्रवाशांनी तिला टिश्यू दिले.

"बाबा, तुम्ही चिडला नाहीत?"

"चिडायचं काय त्यात?" ते म्हणाले. "मी मघापासून विचार करत होतो, तू मला मागे उभं केलं असतंस तर मी काय केलं असतं."

"काय केलं असतं?"

"चिडलो असतो."

नरूमाच्या धक्क्यावर ब्रॉनने दोर बांधला, हात झटकले आणि जाता जाता म्हणाली, "शुक्रवारी अडीचला ये. युनिफॉर्म तेव्हाच देते." एवढंच. मग दादारावांकडे वळून म्हणाली, "सर, तुमची मुलगी कडक आहे."

"माय डॉटर," दादाराव छाती काढून म्हणाले. "कंडक्टर्स डॉटर."

सुजित चिप्सचा पुडा घेऊन समोर आला, तेव्हा दादाराव धक्क्याच्या टोकाला उभे राहून फोन लावत होते. परभणीत दुपार होती. रिंग बरीच वाजली.

"हॅलो, कुमार? मी दादाराव... अरे नाही, नाही. कुणी गेलं नाही. सगळे बरे आहेत. तुझी बहीण इथेच आहे, चिप्स खातेय." त्यांनी घसा साफ केला. "म्हटलं तुला कळवावं. आज रूपालीने मला उतरवलं."

तिकडून मामाचं हसू फुटलं, ते इतकं की दादारावांना फोन कानापासून लांब धरावा लागला. सुजित आणि रूपालीलाही ते स्पष्ट ऐकू येत होतं. गंगुबाईंचा चिप्स घेतलेला हात मध्येच थांबला.

"मग दाजी, कसं वाटलं?" हसू ओसरल्यावर मामाने विचारलं.

दादारावांनी बेटाच्या दिशेला पाहिलं. तिथे आता काहीच दिसत नव्हतं.

"थंडी वाजली रे," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "त्या दिवशी तुला ऊन फार लागलं असेल, नाही?"

"लागलं होतं, दाजी," मामा म्हणाला. "डोक्याला टोपीसुद्धा नव्हती."

"ये घरी," दादाराव म्हणाले. "रविवारी आम्ही पोचलेलो असू. जेवायलाच ये." आणि फोन ठेवायच्या आधी घाईघाईने पुढे म्हणाले, "तिकीट काढून ये."